आभाळाखालची टॉकीज

माझ्या आजीनं आयुष्यातला पहिला सिनेमा पडद्याच्या मागच्या बाजूनं पाहिला. गाव मौद्याकडचं. साल तिला सांगता यायचं नाही. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट, म्हणजे १९४० च्या मागंपुढं. पाटलाच्या वाड्यासमोर मोकळी जागा होती, तिथं दोन बल्ल्या रोवून पांढरं कापड ताणलं होतं. पुढच्या बाजूला पुरुष बसले, मागच्या बाजूला बाया. सिनेमा होता प्रभातचा ‘संत तुकाराम’. कापडातून उजेड आरपार यायचा, त्यामुळं चित्र मागूनही दिसायचं, फक्त उजव्याचं डावं होऊन. पुढं म्हातारपणीही आजी सांगायची, “तुकाराम डावखुरा होता बाप्पा, म्या डोयानं पाह्यला.”

पडद्यावरची अक्षरं उलटी होती हे तिच्या लक्षात आलं नाही. अक्षर उलटं आहे हे कळायला आधी अक्षर यावं लागतं, आणि ते तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

‘संत तुकाराम’ १९३६ साली आला, मुंबईत ५७ आठवडे चालला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस, दामले-फत्तेलाल यांच्याबद्दल भरपूर लिहून ठेवलेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण तो सिनेमा बघायला पडद्यामागं मातीत बसलेल्या बायांबद्दल कोणी लिहिलं नाही. वैदर्भीय माणसाच्या सिनेमाचा खरा इतिहास तिथून सुरू होतो असं मला वाटतं. तो नागपुरातल्या सीताबर्डीच्या टॉकिजांतून सुरू होत नाही.

हा विषय घरात पुन्हा निघाला तो भाच्यामुळं. तो मुंबईत नोकरीला आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात मॉलच्या गच्चीवर ‘ड्राइव्ह-इन’ थिएटर आहे, २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं, २९० गाड्या मावतात, गाडीत बसूनच पडद्यावर सिनेमा पाहायचा, असं तो कौतुकानं सांगत होता. माझे मामा शेजारी बसले होते. तरुणपणातली वर्षं त्यांनी फिरत्या टॉकीजवर ऑपरेटर म्हणून काढली. ते म्हणाले, “गाडीत बसून सिनेमा? मंग आमी रामटेकले काय दाखवत होतो बावा? शंभर गाड्या लागे तिथं. बैलाच्या.”

त्या दिवसापासून मी मामांना, आईला आणि आमच्या शेजारच्या एम्प्रेस मिलमधल्या जुन्या कामगार काकांना विचारत सुटलो. जे मिळालं ते इथं मांडतो आहे.

ड्राइव्ह-इनची जन्मकथा अमेरिकेची. रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसानं ६ जून १९३३ ला न्यू जर्सीतल्या कॅम्डेनजवळ पहिलं थिएटर उघडलं. पुढच्या गाडीमुळं मागच्याचा पडदा अडू नये म्हणून त्यानं मोटारी उभ्या करायला चढत्या उताराचे ओटे बांधले, त्याचं पेटंटही घेतलं. १९५० च्या दशकाअखेर त्या देशात अशी चार हजारांवर थिएटरं होती. आपल्याकडं अहमदाबादचं ‘सनसेट’ १९७३ साली सुरू झालं. ६६५ गाड्यांची सोय, आणि गाडी नसलेल्यांनाही बसायला जागा. मुंबईत वांद्र्याला कलानगरच्या बाजूला जुनं ड्राइव्ह-इन होतं, ते नव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडलं. या सगळ्यात मोटार ही पहिली अट होती. विदर्भात त्या काळी मोटार कोणाकडं होती? मालगुजाराकडं, वकिलाकडं, एखाद्या डॉक्टराकडं. बाकीच्या जगाकडं बैलगाडीच होती, रेंगी नाहीतर दमणी.

रामटेकला त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा भरते. गडावर टिपूर जाळतात, ते पाहायला चारी बाजूंची गावं लोटतात. मामा सांगतात, त्यांच्या तंबूचा पहिला मोठा मुक्काम तोच असायचा. पावसाळाभर टॉकीज बांधून ठेवलेली असे. दसरा झाला की माल बाहेर काढायचा, डागडुजी करायची आणि कार्तिकात रामटेक गाठायचं. टिपूर जळाल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही हा मालकाचा नियम. देवाच्या उजेडाआधी आपला उजेड नको, अशी त्याची श्रद्धा. धंद्याचाही हिशेब त्यात होता, कारण टिपूर पाहून गडावरून उतरलेला माणूस थेट तंबूच्या तोंडाशी येई.

तंबूच्या बाहेर बैलगाड्यांची रांग लागायची. बैल सोडून चाकाला बांधायचे, त्यांच्यापुढं कुटार टाकायचं, गाडीचं जू जमिनीला टेकवायचं. खेळ सुटल्यावर रातोरात गाव गाठायचं नसेल तर त्याच गाडीत गोधडी पसरून झोप. जत्रेत तंबूला कनात असायची, तिकीट काढून आत जावं लागे. पण खेड्यात मुक्काम असला आणि सोबत नुसता पडदा असला, तंबूचं छत नसलं, तर गाड्या सरळ मैदानाच्या कडेनं लागत आणि बायका, म्हाताऱ्या, पोरंबाळं गाडीतूनच सिनेमा पाहत. आईनं लहानपणी असाच पाहिला. धुरकरी, म्हणजे गाडी हाकणारा, जुवावर बसलेला, मागं आजी, मांडीवर धाकटा भाऊ, आणि शिदोरीत रोडगे. “गाडीतून उतरलो तं जागा जाईल म्हणून कोणी उतरेच ना,” ती सांगते.

हॉलिंग्सहेडनं ओटे बांधून जी सोय केली ती आमच्या धुरकऱ्यानं चाकाखाली दगड ठेवून केली होती, असं मला म्हणायचं नाही. तो वेगळा शोध आहे आणि त्याचं श्रेय त्याचं. मात्र आपल्या वाहनातून, आपल्या माणसांत, आभाळाखाली सिनेमा पाहणं ही गोष्ट विदर्भाला मोटारीनं शिकवली नाही.

तंबूतला सिनेमा तर भारतातल्या बांधीव थिएटरांहूनही जुना. जमशेदजी मदन यांनी १९०२ साली कलकत्त्याच्या मैदानात तंबू ठोकून खेळ सुरू केले. अब्दुल्ली इसूफअली या गृहस्थानं तर विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत आग्नेय आशियात तंबू फिरवला, मग भारतभर फिरवला आणि नंतर मुंबईत थिएटर घेऊन स्थिरावला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला हे सगळ्यांना पाठ असतं. पण फाळके स्वतः प्रोजेक्टर घेऊन गावोगाव हिंडले, आणि जमलेली चिल्लर बैलगाडीतून आणावी लागे, ही आठवण मराठी घरांत अजून सांगितली जाते. बैलगाडीचा आणि सिनेमाचा संबंध असा मुळापासूनचा आहे.

मामा फिरत्या टॉकीजवर गेले ते १९६० च्या आसपास, मॅट्रिकला गुण पडले नाहीत म्हणून. आधी खुंटे ठोकणं, कनात शिवणं, पोस्टर चिकटवणं. मग हेल्पर. मग लायसन्स काढून ऑपरेटर. ते बोलायला लागले की मी मध्ये बोलत नाही.

“गावात शिरलो का पयले हवा पाहाची. हवा कोनीकडून येते. पडद्याच्या तोंडावर हवा आली तं पडदा फुगते, मंग हिरोचं डोकं मोठं होते न पाय बारीक. म्हून पडद्याले भोकं पाडून ठेवत, बारीक बारीक, हवा निघून जाले. मंग चंद्र पाहाचा. पुनव असली का उगवतीकडं तोंड करून पडदा लावाचा नाही. चंद्राचा उजेड सरळ कापडावर पडला का चित्र फिकं होते. जत्रा तं पुनवेच्याच राहातेत ना? म्हून हा सारा हिशेब.”

हे ऐकल्यावर मला रामटेकच्या त्या मैदानाची भूमितीच दिसली. ऊन, वारा, चंद्र, देवळाची वाट, पाण्याची सोय, गाड्या लागायची जागा, बायकांसाठी दोरी बांधून वेगळी केलेली बाजू: हे सगळं एका चौथी शिकलेल्या मालकाच्या डोक्यात बसलेलं होतं. वैशाखात वावधन, म्हणजे वादळवारं, सुटलं तर तंबू कुठल्या दोरीनं आधी सोडायचा, हेही ठरलेलं. एकदा मांढळच्या बाजूला अर्ध्या खेळात वावधन आलं. कापड फाटलं तर दुसरं मिळेल, कार्बनचा डबा भिजला तर खेळ नाही, म्हणून मामा पडदा सोडून डब्यावर अंग टाकून पडले होते.

कार्बनचं सांगायला हवं, कारण आता ते कोणाला पाहायला मिळणार नाही. त्या प्रोजेक्टरमध्ये बल्ब नसे. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरायच्या, क्षणभर टेकवून वेगळ्या करायच्या, की मध्ये विजेची ठिणगी पेटून राहते. तिचा उजेड निळसर पांढरा, उघड्या डोळ्यांनी पाहवत नाही. ऑपरेटर काळ्या काचेच्या झरोक्यातून तिच्यावर नजर ठेवतो. कांड्या जळत जातात तसं मधलं अंतर वाढतं, ते हातानं चाक फिरवून सतत सारखं ठेवायचं. चुकलं की पडद्यावर अंधार होतो आणि मैदानातून शिट्ट्या सुरू. वीज नसलेल्या गावात हे सगळं इंजिनावर चाले. इंजिन तंबूपासून लांब, खड्ड्यात ठेवायचं, नाहीतर त्याच्या आवाजात संवाद ऐकू येत नसत.

पस्तीस मिलिमीटरची फिल्म प्रोजेक्टरमधून मिनिटाला नव्वद फूट जाते. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. तीन तासांचा सिनेमा म्हणजे सोळा-सतरा रिळं. मोठ्या टॉकीजमध्ये दोन यंत्रं असतात. एकावरचं रीळ संपताना चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकतो आणि ऑपरेटर दुसरं यंत्र सुरू करतो, प्रेक्षकाला कळतही नाही. मामांच्या कंपनीकडं यंत्र एकच. म्हणजे रीळ संपलं की दिवे लागायचे. त्या दोन-तीन मिनिटांत मैदानातला दुसरा खेळ रंगायचा. फुटाणेवाला ओरडत हिंडायचा, रडणारं पोर कोणाचं याची चौकशी व्हायची, आधीच्या गावात हा सिनेमा पाहून आलेला एखादा पुढं काय होणार ते सांगायला लागायचा आणि मार खायचा.

फिरत्या टॉकीजला नवा प्रिंट कधीच मिळत नसे. शहरातल्या टॉकीजमध्ये, मग तालुक्याच्या गावी, मग लहान गावांत असा झिजत झिजत तो तंबूत येई. चिरा पडलेल्या फिल्ममुळं पडद्यावर उभ्या रेघा दिसायच्या, त्याला लोक “पाऊस” म्हणत. कित्येक ठिकाणी तुटलेली फिल्म जोडलेली असायची. गाण्याचं अर्धं कडवंच गायब. मामा त्या जोडावर सिमेंट लावत, त्याचा नेलपॉलिशसारखा वास त्यांच्या बोटांना कायम येत असे. तो वास मला आठवतो. लहानपणी मामा घरी आले की आधी वास यायचा, मग खिशातून फिल्मचे तुकडे निघायचे. फ्यूज झालेल्या बल्बचं बूड काढून त्यात पाणी भरायचं, आरशानं उन्हाची तिरीप घरात घ्यायची, मध्ये तो तुकडा धरायचा आणि समोर आजीचं लुगडं. चित्र उलटं पडे, म्हणून तुकडाच उलटा धरायचा. माझं पहिलं थिएटर ते.

सिनेमांपैकी मामांना सगळ्यांत जास्त आठवतो ‘जय संतोषी माँ’. १९७५ साली तो आला, आणि तंबूत यायला आणखी वेळ लागला असेल. बाया चपला बाहेर काढून आत यायच्या, नारळ घेऊन यायच्या. देवी दिसली की नाणी पडद्याकडं उडायची. ती नाणी गोळा करून मालक स्वतःच्या गल्ल्यात टाकत नसे. मुक्काम ज्या गावी असेल तिथल्या देवळात देऊन टाकायचा. मराठीत दादा कोंडके. ‘सोंगाड्या’ लागला की दुसऱ्या खेळाची गर्दी पहिला खेळ सुटण्याआधीच कनातीला टेकलेली असायची. आणि अगदी शेवटच्या काळात १९९१ चा ‘माहेरची साडी’. त्या सिनेमानं फिरत्या टॉकिजांना दोन-तीन हंगाम जास्त जगवलं, असं मामा म्हणतात.

शेजारचे मिलवाले काका वेगळी गोष्ट सांगतात. एम्प्रेस मिल जमशेदजी टाटांनी १८७७ साली काढली. नागपूरच्या उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या वस्त्यांतली कितीतरी घरं तिच्या भोंग्यावर चालली. काकांचे वडील तिथं, मग काका. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर ते वडिलांबरोबर गेले होते. ते म्हणतात, त्यांच्या आईच्या गावी पाटलाच्या वाड्यासमोर सिनेमा दाखवला तर त्यांच्या वस्तीतल्यांनी तो लांबून, रस्त्यापलीकडून पाहायचा. आवाज येईल तेवढा ऐकायचा. पण तंबू आला आणि तिकीट काढलं, की आत सतरंजीवर कोणाच्या शेजारी कोण बसलं हे अंधारात कोण पाहणार? “पैसे देल्ले ना जी, मंग उठवून दाखव म्हनलं,” काका अजूनही ताठ होऊन सांगतात. आजी ज्या वाड्यासमोर पडद्यामागं बसली, तसल्याच एखाद्या वाड्यासमोर रस्त्यापलीकडं काकांची आई उभी होती. दोघी एकाच पडद्याच्या दोन वेगळ्या कडांना. उघड्यावरच्या सिनेमाचं कौतुक करताना हे सोडून देता येत नाही. आभाळ सगळ्यांचं असलं तरी मैदान सगळ्यांचं नव्हतं, आणि तिकिटानं जेवढं मिळालं तेवढं तिकिटाचं ऋण मानायलाच हवं.

सिनेमाच्या व्यापाराचा नकाशा राज्यांच्या नकाशाहून वेगळा आहे, हे पुष्कळ नागपूरकरांनाही माहीत नसतं. सी. पी. अँड बेरार हा प्रांत जाऊन सात दशकं उलटली. १९५० साली त्याचा मध्य प्रदेश झाला, १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूरचं राजधानीपण गेलं, १९६० ला महाराष्ट्र. पण चित्रपट वितरणाच्या नकाशावर ‘सी. पी. बेरार’ अजून आहे. विदर्भ, जबलपूरकडचा महाकोशल, छत्तीसगड हा सगळा एक मुलूख, त्याचे हक्क एकत्र विकले जायचे. धंद्यातल्या लोकांची संघटना सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, तिचं ठाणं भुसावळला. मामा नागपूरच्या वितरकाच्या कचेरीतून पत्र्याच्या पेट्या उचलत आणि एस. टी.च्या टपावर टाकून पुढच्या मुक्कामाला नेत. माझं मत असं की विदर्भातला माणूस हिंदी सिनेमावर वाढला याचं मोठं कारण या नकाशात आहे. ज्या मुलखात रायपूर आणि जबलपूर होतं तिथल्या वितरकाला मराठी सिनेमाचा प्रिंट घेण्यात फायदा कमी दिसायचा. पुण्या-मुंबईकडं गाजलेला मराठी चित्रपट आमच्याकडं उशिरा यायचा आणि थोड्याच दिवसांसाठी. आमच्या उच्चारांना आणि आवडीनिवडींना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

शहरातल्या टॉकिजांबद्दल मी फार लिहिणार नाही, त्यांच्या आठवणी सांगणारे भरपूर आहेत. सीताबर्डीतली रिगल, व्हरायटी, जानकी, आनंद. सदरची लिबर्टी, स्मृती. महालातली नरसिंग, राजविलास. वर्धा रोडवरची पंचशील. व्हरायटी चौक, पंचशील चौक, लिबर्टी चौक ही नावं रिक्षावाल्याच्या तोंडी पक्की बसलेली. राजकुमार हिरानी याच गावात वाढले, याच टॉकिजांच्या पोस्टरांखालून गेले असतील. पण टॉकीज म्हणजे चार भिंती, पंखे, बाल्कनी आणि थर्ड. आणि नागपूरचा उन्हाळा. २०१३ च्या मे महिन्यात इथं ४७.९ अंशांची नोंद झाली. त्याआधीचे मे महिनेही काही थंड नव्हते. रात्री अंगणात खाटा टाकून, जमिनीवर पाणी शिंपडून झोपणाऱ्या गावाला उघड्यावरचा सिनेमा आवडला यात नवल नाही.

शहरात तो उघड्यावरचा सिनेमा यायचा गणपतीत. महालातल्या आमच्या गल्लीत दहा दिवसांतल्या एका रात्री मंडळ सोळा मिलिमीटरचं यंत्र भाड्यानं आणायचं. वर्गणी द्यायला कुरकुरणारे शेजारीही सिनेमाचं नाव काढलं की पावती फाडायचे. सायंकाळपासून पोरं बोऱ्या अंथरून जागा धरत. रस्त्याच्या मधोमध पडदा, एका घराच्या गॅलरीपासून समोरच्या घराच्या खांबापर्यंत दोरीनं ताणलेला. यंत्र एका टेबलावर, त्याच्यावर ताडपत्री, कारण भाद्रपदाचा पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही. आला तरी कोणी उठायचं नाही. छत्र्या उघडायच्या आणि मागचे ओरडायचे की छत्री खाली घ्या.

दोन मंडळांनी मिळून एकच सिनेमा आणलेला असे. इकडचं रीळ संपलं की एक पोरगा ते सायकलवरून बडकस चौकापलीकडच्या मंडळात पोचवायचा. तो पोरगा त्या रात्रीचा सगळ्यांत मोठा माणूस. दुसऱ्या मंडळात फिल्म तुटली किंवा रीळ उशिरा सुटलं, तर सगळी गल्ली त्याची वाट पाहत गप्पा मारत बसे.

पुढच्या बाजूला जागा संपली की आम्ही पोरं पडद्यामागं जायचो. तिथं ऐसपैस. उलटी अक्षरं वाचायची आमची शर्यत लागायची. अमिताभ बच्चन मुळात डावखुरा, तो मागून उजव्या हातानं मारताना दिसायचा. आजीचा तुकाराम मला त्या गल्लीत, पडद्याच्या त्या बाजूला बसल्यावर कळला. ती काय बघत होती, आणि तिला पुढच्या बाजूला का बसू दिलं नाही, हे दोन्ही.

१९८२ च्या एशियाडनंतर घराघरांत टीव्ही यायला लागले. पुढं मंडळांनी सोळा मिलिमीटरचं यंत्र सोडून व्हिडिओ आणि रंगीत टीव्ही भाड्यानं आणायला सुरुवात केली. रात्रभरात तीन सिनेमे. पण टीव्हीच्या मागच्या बाजूला काही दिसत नाही, आणि पुढंही दहा-वीस माणसांपलीकडं दिसत नाही. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं. पौराणिक सिनेमा हा तंबूचा हुकमी आधार, तोच दर रविवारी सकाळी घरात फुकट येऊ लागला. मामांच्या मालकानं यंत्र विकलं, कापड एका मंडपवाल्याला दिलं. मामा शहरात परत येऊन एका टॉकीजमध्ये लागले, तिथून निवृत्त झाले. आता तर फिल्मच गेली. सिनेमा उपग्रहावरून आणि हार्डडिस्कवर येतो. काकांच्या एम्प्रेस मिलच्या जागी आज मॉल आहे.

फिरत्या टॉकिजांवर गजेंद्र अहिरे यांनी २०१३ साली ‘टुरिंग टॉकीज’ हा सिनेमा केला. त्याहून मला जवळचा वाटला तो शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट. महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या शेवटच्या तंबूवाल्यांमागं त्यांनी कित्येक वर्षं फिरून तो केला, २०१६ साली कानच्या महोत्सवात त्याचा सन्मान झाला. मी तो मामांना दाखवला. यंत्र उघडून तेल घालणारा माणूस पडद्यावर आला तेव्हा ते उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले, आणि दृश्य संपेपर्यंत तिथंच उभे होते.

तंबू जाणं अटळ होतं, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आमच्याच पूर्वेला आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडची झाडीपट्टी रंगभूमी आजही जिवंत आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक मंडळ्यांचं केंद्र, आणि होळीपर्यंत रात्रभर मंडपात नाटकं चालतात, तिकीट लावून, हजारोंच्या गर्दीत. तिथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तोच टीव्ही, तोच मोबाइल तिथंही पोचला आहे. फरक एवढाच की झाडीपट्टीच्या नाटकाला गाव आपलं मानतं. पाहुणे बोलावतं, लेकी माहेरी येतात, घराघरांत स्वयंपाक होतो. फिरती टॉकीज मात्र बाहेरून यायची, मुक्काम करायची, जायची. तिला आपलं म्हणायला कोणी नव्हतं. सरकारनं तिच्याकडं करमणूक कराची जागा म्हणून पाहिलं, शहरानं खेडवळांची सोय म्हणून. ती वाचवण्यासारखी गोष्ट आहे हे तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही.

आता तंबू परत येणार नाहीत. पण त्यांची नोंद करायला उशीर झालेला नाही, मात्र थोडाच वेळ उरला आहे. मामांनी ऐंशी ओलांडली. काका त्यांच्याहून मोठे. त्या काळची हँडबिलं, दहा पैशांना मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, तिकिटांची बुकं, ऑपरेटरची लायसन्स विदर्भातल्या कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी असणार. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून असे कागद जपत आलं आहे. तिथं ती पाठवता येतील. विदर्भ साहित्य संघासारख्या शंभरी पार केलेल्या संस्थेनं किंवा आमच्या विद्यापीठानं मनावर घेतलं तर जिल्हावार आठवणींचं एक दप्तर वर्षभरात उभं राहील. आणि तोवर वाट पाहायची गरज नाही. तुमच्या घरात तंबूत सिनेमा पाहिलेली आजी असेल, रेंगी हाकलेले आजोबा असतील, इंजिनात डिझेल ओतलेला काका असेल, तर या उन्हाळ्यात त्यांच्याजवळ बसा, मोबाइलवर त्यांचा आवाज भरून घ्या, आणि गावाचं नाव, जत्रेचं नाव, सिनेमाचं नाव आणि कोण कुठं बसायचं, एवढं नक्की विचारा.